बावखल बुजवणाऱ्यांनो

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाने चर्चमागचं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, बुजवलं. आठवडाभर मातीचे ट्रक येत होते. वर पेव्हर ब्लॉक बसले, गाड्या लावायची सोय झाली, फादरांनी पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. ज्या बावखलाने आजूबाजूच्या वाड्या शिंपल्या आणि विहिरी गोड्या ठेवल्या, त्याच्या छातीवर उभं राहून केलेली ती प्रार्थना मला पाखंड वाटली, आजही वाटते.

पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक ‘लाउदातो सी’ 2015 साली आलं. आम्ही त्याची पोस्टरं लावली. त्याच्या कितीतरी आधी याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’चा झेंडा घेऊन पाण्यासाठी रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या फोटोला हार घालणारे हातच आज भरावाच्या ठरावावर सह्या करतात.

निसर्गाचं ऐकायचं नाही, ही सवय वर्गातही दिसते. उत्क्रांती म्हटलं की आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात अजून कुजबुज होते. कशाला? वाटाण्यांतून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठातला संन्यासी होता. उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक राहिलेलं नाही, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 साली मान्य केलं. भीती विज्ञानाची नाही, त्यातून निघणाऱ्या धड्याची आहे.

तो धडा वसईच्या शेतकऱ्याला केळीच्या बागेत मिळतो. केळ लावतात मुनव्यापासून, म्हणजे प्रत्येक झाड आईची हुबेहूब नक्कल. ग्रो मिशेल नावाच्या एकाच जातीवर जगाचा केळीव्यापार उभा होता. मातीतल्या एका बुरशीने पनामा रोग आणला आणि 1960च्या दशकापर्यंत तो व्यापार ती जात सोडून बसला. नैसर्गिक निवडीला वेगळेपण लागतं. सगळी झाडं एकसारखी असली तर त्या बुरशीपुढे तग धरणारं एखादं झाड यायचं कुठून?

सगळं एकसारखं करण्याची हीच चूक श्रद्धेच्या जगातही पूर्वी झाली आहे. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण 1616 साली त्यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ दिलं. श्रद्धेने या मातीत मूळ धरलं ते असं. 1684 साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हॉइसरॉयने कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला असं फर्मान काढलं. आज फर्मानाचीही गरज उरलेली नाही. सामवेदी, वाडवळी या वसईच्या बोली बोलणाऱ्या आजीच्या नातवंडांचा धर्मशिक्षणाचा वर्ग आम्ही हौसेने इंग्रजीत नेला. लग्नातली बोलीतली गाणी डीजेखाली गाडली. प्रत्येक धर्मग्रामात तोच हॉल, तीच फरशी, तोच कोयर. राजेळी केळी वाळवून सुकेळी करणारी घरं विरळ होत चालली, त्याचं दुःख आम्हाला होतं. बोली मरते त्याचं होत नाही.

त्याच एकसारख्या फरशीखाली पाणीही गेलं. 2018च्या जुलैत वसई दिवसचे दिवस पाण्याखाली होती. पाणी मुरायच्या जागा आपणच बुजवल्या होत्या आणि त्यात चर्चचे भरावही आहेत. फादर, पुढच्या सभेत हॉलच्या एसीचा विषय नंतर घ्या. आधी ते ब्लॉक उखडा. बावखल कुठे गेलेलं नाही, चार हात मातीखाली आहे.