बंदी झाली, आता दृष्टी हवी!

सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी मुक्या प्राण्यांना वेठीस धरण्यास आपल्या देशाने २०१४ साली बंदी केली. २०२३ मध्ये औषधविषयक नियमांतही दुरुस्ती होऊन मानवी पेशींच्या प्रतिकृतींवर चाचण्या करण्याचा मार्ग मोकळा झाला. या दोन्ही गोष्टींबद्दल सरकारचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु सशाची सुटका झाली म्हणजे माणसाची त्वचा आपोआप सुरक्षित होते काय? बंदीला समर्थ पर्यायाची जोड नसेल, तर तो कायदा अर्धाच राहील.

पर्याय उपलब्ध आहे. १९७५ साली अमेरिकेत राइनवॉल्ड व ग्रीन या शास्त्रज्ञांनी मानवी त्वचेच्या पेशी पात्रात सातत्याने वाढविण्याची रीत सिद्ध केली. आज अशा पेशी कोलॅजेनवर पेरून त्यांचा पृष्ठभाग हवेला उघडा ठेवला की काही आठवड्यांत खऱ्या त्वचेसारखे थरावर थर चढतात. अडचण होती ती पाहण्याची. आत काय घडते हे जाणण्यासाठी नमुना रसायनात बुडवून त्याचे काप काढावे लागत. सोमवारी कापलेला तुकडा मंगळवारची हकीकत कशी सांगणार?

१९९१ साली जगापुढे आलेल्या ‘ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी’ने ही अडचण बरीचशी दूर केली आहे. नेत्रवैद्य डोळ्याचा पडदा याच तंत्राने तपासतात. अवरक्त प्रकाश निरनिराळ्या थरांवरून परततो आणि त्यावरून सुमारे एक-दोन मिलिमीटर खोलीपर्यंतचे त्रिमित चित्र उभे राहते. नमुना मरत नाही. मलमाने थर जाडावला की विरला, जखम कितपत भरली, हे त्याच तुकड्यावर रोजच्या रोज पाहता येते.

अशा नमुन्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतू बहुधा नसतात. त्यामुळे माणसांवरील अखेरची चाचणी टळणार नाही. मात्र घातक द्रव्ये तिच्याआधीच बाजूला काढता येतील.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेली आणि एरवी टाकून दिली जाणारी त्वचा रुग्णाच्या संमतीने संशोधकांना मिळावी. सार्वजनिक प्रयोगशाळांत ही यंत्रे सर्वांच्या वापरासाठी बसवावीत. आपल्या उन्हात वावरणाऱ्या, आपल्या वर्णाच्या त्वचेचे नमुने येथेच वाढवावेत. परक्या त्वचेवर पारखलेले मलम आपल्या मुलांना लावताना केवळ वेष्टनावरील छापील ग्वाहीवर किती दिवस विसंबून राहावयाचे? कायद्याने दार उघडले आहे. आत दिवा लावण्याचे काम सरकारचे आहे, आणि ते त्याने आता लांबणीवर टाकू नये!