पेनिसिलीन आणि जंतूची भिंत

पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभी राहिली. अनेक ज्येष्ठांना ती ‘पेनिसिलीन फॅक्टरी’ म्हणूनच आठवत असेल.

हे औषध जिवाणूची भिंतच पुरी होऊ देत नाही. ही भिंत म्हणजे शर्करेच्या साखळ्या लहान दुव्यांनी एकमेकींस बांधून विणलेली जाळी. पेशीच्या आतील मोठा दाब तीच पेलते. वाढताना जिवाणू तिचे टाके उसवतो व नवे घालतो. पेनिसिलीन नवे टाके पडू देत नाही. मग पाणी आत शिरून पेशी फुटते. आपल्या पेशींना अशी भिंत नाही, म्हणून ॲलर्जी नसणाऱ्यांना हे औषध सहसा मानवते.

सर्दीच्या विषाणूलाही ती नसते. तेव्हा मागच्या आजारातील उरलेली अमॉक्सिसिलीन (ती याच कुळातली) सर्दीसाठी आजोबांना दिल्याने काही साधत नाही. जुलाब मात्र होऊ शकतात, आणि उतारवयात तेवढ्यानेही शक्ती जाते.

पूर्वी कधी पेनिसिलीनने अंगावर पुरळ उठले असेल, तर तशी नोंद घरातील फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत करावी.