मोडीत घालण्याआधी
दिवाळी आठवड्यावर आली की रत्नागिरीच्या आळ्यांतून भंगारवाल्याची हाळी रोजच्यापेक्षा जास्त वेळा ऐकू येते. घरोघरी माळे उपसले जातात. पोटाला पोचा आलेला तांब्याचा बंब खाली उतरतो, त्यामागून घंगाळ, काठ फाटलेली परात, दोन पितळी हंडे. धनत्रयोदशीला नवे भांडे घरात यावे ही रीत, आणि त्यासाठी जुने मोडीत घालावे ही तिच्याइतकीच जुनी रीत. मोडीचे वजन होते, घट वजा होते आणि उरलेली रक्कम नव्या खरेदीतून वळती होते. बोहारणीला जुनी लुगडी देऊन आपल्या आज्यांनी स्टीलचे डबे घेतलेच होते. तेव्हा नको झालेली वस्तू विकणे म्हणजे काही घर बुडवणे नव्हे.

कोकणात तर या विक्रीला हंगामाचेही कारण आहे. आंब्याचा पैसा मे महिन्यात येतो. कौले शाकारणे, मुलांच्या फिया आणि गणपती यांत तो सरतो. पुढच्या मोहोराच्या फवारणीला मात्र आधीच पैसे लागतात. अशा दिवसांत माळ्यावरच्या निजलेल्या पितळेकडे लक्ष जाणे साहजिक आहे. गॅस आला, गीझर आला, कल्हईवाला दारावरून दिसेनासा झाला. मग तो हंडा घासायचा कुणी आणि कशासाठी? मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत तो मावत नाही. आईवडिलांमागे बंद पडलेले घर आवरायला भावंडे चार दिवसांची रजा काढून येतात आणि परतीची गाडी गाठायच्या आदल्या दुपारी सगळे एकदम वजनावर देऊन टाकतात.

आम्हाला बोलायचे आहे ते या दुपारीविषयी. विकण्यात कमीपणा नाही, पण आपण विकतो ते मात्र कमीपणा वाटल्यासारखे: मागच्या दारी, शेजारी निजलेले असताना, भाव न विचारता. ‘वस्तू विकायची पाळी आली’ हे शब्द कानावर पडू नयेत म्हणून आपण घाई करतो. घेणाऱ्याला ही घाई बरोबर ओळखता येते. कारागिराने चार दिवस ठोकून घडवलेल्या घंगाळाचे मोल मग काट्यावरच्या किलोंएवढेच उरते.

या गावाने हे एका राजाच्या बाबतीतही पाहिले आहे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि १८८६ मध्ये राणी सुपयालत व मुलींसह रत्नागिरीत नजरकैदेत आला. सरकारी तनख्यात राजाचा संसार भागेना. मंडालेहून बरोबर आलेली माणके आणि दागिने विकून खर्च भागवण्याची वेळ त्याच्यावर आली. ज्या देशाच्या खाणींतली माणके जगभर नावाजली जात, त्या देशाचा हा राजा. पण परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नव्हते. दहा पेढ्यांवर फिरून भाव काढायचा कुठे? जो दारात येईल तो गिऱ्हाईक. आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो वाडा १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तिथेच राजाचा अंत झाला. खाडीकडे पाहणाऱ्या त्या वाड्यासमोर उभे राहिले की आम्हाला त्याच्या वैभवापेक्षा, अडलेल्या माणसाच्या हातातली वस्तू किती स्वस्त होते, हेच अधिक आठवते. राजा कैदेत होता, पण आपल्याला दुसरीकडे चौकशी करायला कुणी अडवलेले नाही.

म्हणून चौकशी करावी. दोन-तीन ठिकाणी तांब्यापितळेचा दर विचारावा, भांडी घरी एकदा तोलून ठेवावीत, काट्यावर वजनमापे खात्याच्या पडताळणीचा शिक्का आहे का ते पाहावे. तांबे, पितळ आणि कासे एका ढिगात देऊ नये. तिन्हींचे भाव वेगळे असतात. जरीची जुनी साडी कापडाच्या भावाने देऊ नये, कारण खऱ्या जरीत चांदी असते आणि घेणारा ती चांदीसाठीच घेतो. मोबाइलवरून सोफा किंवा शिलाई यंत्र विकायला काढले आणि समोरच्याने ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका’ म्हटले, तर तिथेच थांबावे. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

जुन्या घरांत याहून नाजूक चिजाही निघतात. लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या, दगडी किंवा धातूच्या मूर्ती, नक्षीदार खांब. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, किंवा महत्त्वाचे हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांहून जुने असेल, तर ती पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शहरातून गाडी घेऊन गावोगाव फिरणारा प्रत्येक खरेदीदार हे सांगेल, अशी अपेक्षा धरू नये. थिबा राजाच्याच वाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. शंका असेल तर आधी तिथल्या जाणत्यांना विचारलेले बरे.

दुसऱ्याच्या घरी नकोशा झालेल्या वस्तूंत कुणाला काय दिसू शकते, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कळते. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव त्या संग्रहाला दिले. तिथला अडकित्ता कुणाच्या तरी माजघरातलाच. तो कधी तरी कुणी तरी विकलाच असणार, पण त्याचे वितळणे टळले.

प्रत्येक हंडा संग्रहालयात जाणार नाही, जायचे कारणही नाही. पण विकण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा आणि तोच बहुतेक घरांत विचारला जात नाही: हे भांडे कुणाचे? तांब्यापितळेची बरीचशी भांडी घरात आली ती सुनांबरोबर, रुखवतात आणि आहेरात. त्यांच्या मोडीचे पैसे मात्र मुलगे वाटून घेतात. वाटणीच्या कागदांत जमिनीचे गुंठे असतात, कलमे असतात. माळ्यावरचे पितळ ‘किरकोळ सामान’ ठरते. ज्या म्हातारीच्या माहेराहून ते आले ती पडवीत बसून आवाज ऐकत असते. तिला विचारा. पैसे आले तर पहिल्यांदा तिच्या हातात द्या. मग ती म्हणाली ‘विका’, तर खुशाल विका.

आमच्या घरी गेल्या दिवाळीत एक कळशी अशीच मोडीच्या ढिगात गेली होती. तोलण्याआधी चिंचेने घासली, तेव्हा गळ्याजवळ ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटली. आजीच्या मामाने लग्नात दिलेली ती कळशी होती. तिच्यावर आजीचे माहेरचे नाव होते, जे रेशनकार्डावर नव्हते, सातबाऱ्यावर नव्हते आणि घरातल्या कुणाला तोंडपाठही नव्हते. घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने ते अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले. हातगाडीवाला अंगणात थांबला होता. कळशी सोडून बाकीची भांडी त्याला दिली.