किनाऱ्याची राखण आणि आपण कामगार

जानेवारी २०२५ च्या अखेरीस गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक कासवीण रात्री अंडी घालायला वर आली. तिच्या पुढच्या, वल्ह्यासारख्या पायाला धातूची एक पट्टी ठोकलेली होती. पट्टीवर आकडा होता ०३२३३. आपल्या भाषेत सांगायचे तर तिचा बिल्ला नंबर. चौकशी झाली तेव्हा कळले की हा बिल्ला तिला मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावला होता. म्हणजे पूर्व किनाऱ्यावरची ही बाई लंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरची मजल मारून कोकणात आली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आमच्या खरगपूर, विशाखापट्टणम, पेरांबूरच्या मराठी बांधवांना यात नवल वाटणार नाही. बदलीवर निम्मा देश ओलांडणे त्यांच्या अंगवळणी पडले आहे.

आमच्या शाखेच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने लगेच विचारले, "मग कासवांची युनियन कुठली? आणि वर्गणी कोण भरणार?" सगळे हसले. पण त्या हसण्यात एक खरा प्रश्न होता आणि त्यासाठीच हा लेख आहे. गँगमनच्या जागा भरल्या जात नाहीत, ग्रामीण डाक सेवकाला अजून खात्याचा पूर्ण कर्मचारी मानत नाहीत, नव्या भरतीतल्या पोरांच्या पेन्शनचा घोळ मिटत नाही. असे असताना कामगार संघटनेने आपल्या सभासदांना समुद्रकिनाऱ्यावर जाऊन फुकट राबा, असे सांगावे काय?

आमचे मत असे की जरूर सांगावे, पण अटी घालून सांगावे. आणि त्या अटीच महत्त्वाच्या आहेत.

प्रथम हे काम नेमके काय आहे ते समजून घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून पुष्कळांना ते ऐकून माहीत असेल. तिथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासविणी येतात, वाळूत दीड-दोन फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि मागे न बघता समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत, खात आणि विकतही. जी उरत त्यांवर कोल्हे आणि कुत्री ताव मारीत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, तिथे राखण सुरू केली. पण बाहेरची चार माणसे रोज रात्री किनारा राखू शकत नाहीत. ते काम गावातल्या माणसांनी अंगावर घेतले, तेव्हाच ते टिकले. पहाटे वाळूवरचा माग काढायचा, घरटे शोधायचे, अंडी जपून उचलून कुंपणातल्या खड्ड्यात तितक्याच खोलीवर ठेवायची, तारीख लिहायची आणि पन्नासएक दिवस वाट पाहायची. पिल्ले वर आली की सकाळ-संध्याकाळ मोजून समुद्राकडे सोडायची. ते पाहायला लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांनी आपल्याच घरांत त्यांची राहण्या-जेवणाची सोय केली. ज्या अंड्यांचे पूर्वी किरकोळ पैसे मिळत, ती न विकता आता गावात चार पैसे येतात. पुढे आंजर्ले, गुहागर अशा अनेक गावांनी ही वाट धरली आणि वनखातेही त्यात उतरले.

ज्याने कीमन म्हणून पंचवीस वर्षे पहाटे बीट चालून काढली आहे, एकेक चावी आणि फिशप्लेट नजरेखालून घातली आहे, त्याला हे काम शिकवावे लागणार नाही. अंधारात नजर, पायाखालच्या खुणेची जाण, आणि नोंद त्याच वेळी डायरीत करायची सवय, हे सर्व त्याच्याकडे आहे. पोस्टमन तर त्याहून उपयोगी. किनाऱ्याच्या गावात कोणत्या घरात कोण राहतो, कोणाचा शब्द चालतो, कोणाशी कोणाचे वाकडे आहे, हे त्याच्याइतके तहसीलदारालाही ठाऊक नसते. कोकणातून येऊन मुंबईत रेल्वे-पोस्टात आयुष्य घालवलेले आणि निवृत्तीनंतर गावी परतलेले शेकडो सभासद आमच्या माहितीत आहेत. गुडघे धड आहेत, पेन्शन चालू आहे, आणि दुपारभर ओटीवर बसून टी.व्ही. बघण्यापलीकडे उद्योग नाही. ही माणसे वाया जात आहेत, असे आम्ही स्पष्टच म्हणतो.

आता अटींकडे येऊ. पहिली अट, पुढारपण गावाचे असले पाहिजे. देशभर जिथे जिथे हे काम रुजले तिथे ते स्थानिकांच्या हातात आहे. केरळात पय्योळीजवळ कोळावीपालम येथे १९९२ पासून मच्छीमार तरुणांनीच कासवांची अंडी राखायला घेतली. वनखात्याचा साहेब किंवा शहरातली संस्था नंतर आली. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थी दर हंगामात रात्ररात्र किनारा चालतात आणि तेही त्याच शहरातले. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह या वकिलाने दर आठवड्याला किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली, हजारो माणसे मिळाली आणि मार्च २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्ले दिसली. ही गोष्ट मोठीच आहे. तरीही बाहेरून जाणाऱ्या माणसाने, मग तो कितीही सद्भावनेचा असो, कोळीवाड्यात जाऊन कोळ्याला समुद्र शिकवू नये. बाहेरचा निरीक्षक आपल्याला रूळ शिकवायला आला की आपल्याला कसे वाटते ते आठवावे.

दुसरी अट पैशाची आहे. 'स्वयंसेवक' हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात, कारण या शब्दाचा सरकारने फार गैरवापर केला आहे. गावोगाव आरोग्याचे काम करणाऱ्या आशा ताईंना सरकार स्वयंसेविका म्हणते, म्हणजे पगार द्यायला नको. अंगणवाडीच्या बायकांना मानधन आहे, वेतन नाही. तोच खेळ किनाऱ्यावर होता कामा नये. कासवमित्र म्हणून गावातली जी माणसे महिनोन्महिने रात्रपाळी करतात, त्यांना रास्त मजुरी वेळेवर मिळालीच पाहिजे. आमचा निवृत्त सभासद पेन्शनवर जगतो, त्याला दोन आठवडे फुकट काम परवडते. गावातल्या हातावर पोट असलेल्या पोराला ते परवडत नाही. आपल्या फुकट कामामुळे त्याची मजुरी बुडणार असेल तर आपण तिथे उभे राहू नये. तसेच किनारा झाडायला पालिकेचा सफाई कामगार असतो. त्याच्या जागा रिकाम्या ठेवून रविवारी स्वयंसेवकांचे फोटो काढणे हे सोयीचे असले तरी न्यायाचे नाही.

एक चांगले उदाहरणही सांगितले पाहिजे. जाळ्यात संरक्षित कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा अडकला की मच्छीमारापुढे पेच असतो. जाळे कापावे तर हजारोंचे नुकसान, न कापावे तर प्राणी मरतो. जाळे हे त्याचे हत्यार, जसा आपला हातोडा आणि पाना. २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्र शासनाने जाळे कापून असा प्राणी सोडणाऱ्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. निसर्ग राखायचा तर त्याचा भार सर्वांत गरिबाच्या खिशावर पडू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. सरकारचे सगळेच वाईट, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

तिसरी अट सर्वांत कडक. राखण करताना तोंड बंद ठेवायचे नाही. केरळातल्या ज्या कोळावीपालमचे नाव वर घेतले, तिथे तरुणांनी अंडी राखली, पण नदीमुखाशी वाळूउपसा चालू राहिला, किनाऱ्याची धूप झाली आणि कासवांना वर यायला वाळूच उरेना. चेन्नईला जानेवारी २०२५ मध्ये हजाराच्या घरात मेलेली कासवे किनाऱ्याला लागली. मुलांनी घरटी राखली त्याच समुद्रात किनाऱ्याजवळ ट्रॉलर फिरत होते. आपल्याकडे एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर २०१७ पासून बंदी आहे आणि पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले. हे नियम लहान होडीवाल्यांनी भांडून मिळवले. अंमलबजावणी किती होते ते त्यांनाच विचारा. कुंपणातल्या शंभर अंड्यांचे फोटो काढून समाधान मानणारा स्वयंसेवक या भांडणात लहान होडीवाल्याच्या बाजूने उभा राहणार नसेल तर त्याची राखण अर्धीच.

२५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा-३ हे मालवाहू जहाज सहाशेहून अधिक कंटेनर घेऊन बुडाले. प्लास्टिकचे साबुदाण्याएवढे कण तिरुवनंतपुरमच्या वाळूवर पसरले आणि स्वयंसेवकांनी ते अक्षरशः वेचून, चाळणीने चाळून गोळा केले. जहाजातला माल वाहून नेण्याचा नफा कोणाचा आणि वाळू चाळणारे हात कोणाचे? केरळ सरकारने पुढे उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला, हे योग्यच झाले. चाळणी हातात घेताना बिल कोणाला पाठवायचे हेही विचारले पाहिजे.

या देशात समुद्र राखण्याची चळवळ उभी केली ती मूळ मच्छीमार कामगारांनीच. १९८९ च्या एप्रिलमध्ये नॅशनल फिशवर्कर्स फोरमच्या नेतृत्वाखाली पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवरून मोर्चे निघाले आणि पाणी वाचवा, जीवन वाचवा म्हणत कन्याकुमारीला येऊन मिळाले. तारीख होती १ मे. तिथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९९१ मध्ये, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. परदेशी ट्रॉलरना खोल समुद्रात परवाने देण्याच्या धोरणाविरुद्ध १९९४ मध्ये याच लोकांनी देशव्यापी बंद केला आणि १९९६ मध्ये मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. आपण पगारी संघटित कामगार, त्यांना ना पगार ना पेन्शन. तरी त्यांनी हे केले. आणि १९९१ चे नियम पुढे सैल होत गेले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामाला बंदी असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला, तेव्हा आपल्यापैकी कितीजणांच्या ते ध्यानात आले?

वाढवण बंदराबद्दल आमच्या सभासदांत दोन मते आहेत, ते लपवत नाही. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींहून अधिक खर्चाच्या या बंदराला मंजुरी दिली. बंदर आले की मालगाड्या वाढतात, माणसे लागतात, असे आमचे काही बांधव म्हणतात आणि ते खोटे नाही. डहाणू परिसरातले मच्छीमार आपला धंदा आणि किनारा जाईल म्हणून विरोधात उभे आहेत आणि तेही खोटे नाही. आमचे मत इतकेच की ज्याचे पोट जाणार त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, आणि रेल्वे कामगाराने आपल्याला चार गाड्या जास्त मिळतील म्हणून कोळी बांधवाकडे पाठ फिरवू नये. उद्या आपल्या वर्कशॉपवर पाळी आली तर आपल्यासाठी कोण येईल?

कामावर असलेल्या सभासदांसाठीही एक मागणी पुढे रेटावी असे आम्हाला वाटते. रक्तदानासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते, तशी हंगामात दोन दिवसांची रजा किनारा संरक्षणाच्या कामाला मिळावी. रिकाम्या जागा भरण्याच्या मागणीच्या पुढे ही नेण्याची गरज नाही, हे मात्र ध्यानात असावे. ट्रॅकमनला हक्काची रजा मिळताना मारामार, तिथे कासवाची रजा मागितली तर साहेब हसेल. हसू द्यावे, पण अर्ज नोंदवून घ्यावा.

कोकणातल्या आणि मुंबईच्या शाखांनी दिवाळीपूर्वी निवृत्त सभासदांची नावे, वय, आणि किती रात्री देऊ शकतील ते लिहून पाठवावे. जाण्याआधी त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि तिथल्या मंडळाला पत्र टाकावे, न विचारता जाऊ नये. वेळासला रेल्वेने खेडपर्यंत पास चालेल, पुढे मंडणगडहून एस.टी. आहे आणि तिचे तिकीट काढावे लागते. ज्यांच्या घरी उतराल त्यांना जेवणाखाणाचे आणि राहण्याचे पूर्ण पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. रात्री किनाऱ्यावर बॅटरीचा पांढरा झोत टाकू नये, कासवीण बिचकून परत फिरते. काचेवर लाल कागद बांधावा. तो कसा बांधायचा हे आपल्या माणसांना सांगायला नको.