बोटीवरच्या आठवणी : सांतोसचा धक्का



गेल्या रविवारी बिरवाडीच्या नाक्यावर एस. टी.ची वाट बघत उभा होतो. आमच्या वाडीतला एक मुलगा जवळ आला. बारावी झालेला, सध्या एम. आय. डी. सी.त ठेकेदाराच्या हाताखाली रोजावर आहे. म्हणाला, "काका, मला बोटीवर जायचंय. एक एजंट भेटलाय. ब्राझीलची बोट आहे म्हणतो, पण आधी पैसे भरा म्हणतो. तुम्ही ब्राझीलला गेला होतात ना? कसं हाय तिकडं?"

एवढ्यात गाडी आली आणि बोलणे अर्धे राहिले. त्याला द्यायचे उत्तर आज या पानावर देतो, कारण असे विचारणारा तो एकटा नाही.

होय, मी ब्राझीलला गेलो होतो. 1988 सालचा मे महिना होता. सांतोस नावाचे बंदर. दक्षिण अमेरिकेतले सर्वांत मोठे बंदर ते. साखर भरायला आमची बोट गेली होती. माझे पद होते टोपास. टोपास म्हणजे बोटीवरचा झाडूवाला. संडास-मोऱ्या धुणे, गल्ल्या पुसणे, कचरा काढणे हे त्याचे काम. आमच्या नलीवर, म्हणजे खलाशाच्या दाखल्याच्या पुस्तकावर, तसे छापूनच येई. हे काम कोणाच्या वाट्याला यायचे ते तुम्हाला सांगायला नको. मी दहावी पास होतो, पण भरतीच्या वेळी आडनाव आणि गाव विचारून झाल्यावर टोपासचीच जागा रिकामी निघाली. बोटीवर माझे ताट आणि पेला मेसच्या कपाटात एका बाजूला असे. कोणी तोंडाने काही बोलत नसे, पण त्या कपाटाला सगळे कळत होते. मुंबईचा किनारा सुटला की जात मागे राहते, असे मला वाटले होते. ती आमच्याबरोबर साइन ऑन करून आली होती.

आम्ही आफ्रिकेच्या खालच्या टोकाला वळसा घालून गेलो. त्या वेळी आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेला जाण्याची मनाई असे, कारण तिथे गोऱ्यांचे वर्णद्वेषी सरकार होते. तो किनारा आम्ही लांबूनच टाकला. पुढे रोज पाणीच पाणी. सांतोसला पोचलो तेव्हा धक्का रिकामा नव्हता, म्हणून बाहेर नांगर टाकून बरेच दिवस पडून राहिलो. आपल्याकडे मे म्हणजे घामाच्या धारा, तिकडे थंडीची चाहूल. आपल्याकडे संध्याकाळी दिवाबत्ती होते तेव्हा तिकडे सकाळ असते, साडेआठ तासांचा फरक.

नांगरावरून पहिल्यांदा किनारा पाहिला आणि मी चकित झालो. समुद्र, त्याला लागून सपाट जमीन, आणि तिच्या मागे भिंतीसारखा उभा हिरवा डोंगर, माथ्यावर ढग अडकलेले. बिरवाडीवरून वरंध घाटाकडे पाहावे, अगदी तसे! त्या डोंगराला सेरा दो मार म्हणतात. घाट चढून गेले की वरती पठारावर साव पावलो हे मोठे शहर आणि त्यापलीकडे कॉफीचे मळे. मळ्यांतली कॉफी घाट उतरून सांतोसला यायची आणि बोटीने जगभर जायची. 1867 साली घाटातून आगगाडीही सुरू झाली. शहराचे सगळे वैभव कॉफीवर उभे आहे. कॉफीच्या व्यापाराचा 1922 साली बांधलेला राजवाड्यासारखा बाजार तिथे आहे, आता त्यात संग्रहालय केले आहे.

धक्क्याला लागल्यावर साखरेची पोती चढू लागली. त्या दिवसांत पोती खांद्यावर घेणारे माणूसबळ तिथे पुष्कळ होते. एका दुपारी पाऊस आला. साखर भिजू नये म्हणून भरणी थांबली, झाकणे लागली, आणि हमाल आडोशाला येऊन बसले. मी तिथेच गल्ली धूत होतो. एक म्हातारा हमाल, वर्णाने माझ्याहून काळा, माझ्याकडे बघून हसला. साबणाकडे बोट करून म्हणाला, "साबांव." मी थबकलो. मी म्हणालो, "साबण!" त्याने खिशातली किल्ली काढून दाखवली, "शावी." मी म्हणालो, "चावी!" डब्यातला पाव दाखवला, "पांव." मग दोघांनाही चेव आला. शेवटी त्याने अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पैशाची खूण केली आणि म्हणाला, "पगार." आम्ही दोघे पोट धरून हसलो. जगाच्या दोन टोकांचे दोन कामगार, एकमेकांची भाषा येत नाही, पण पगार दोघांनाही कळतो!

हे शब्द पोर्तुगीजांचे. त्यांनी गोवा, वसई, चौल इथे राज्य केले आणि तिकडे ब्राझीलमध्येही. म्हणून साबण, चावी, पाव, बादली, घमेले, पगार हे शब्द आपल्या घरात आले. कोकणातला काजूसुद्धा मूळचा ब्राझीलचा, नावासकट तिकडून आला. उलट आपला आंबा आणि फणस त्यांनी तिकडे नेला. सांतोसच्या बाजारात फणस पाहून मला बायकोची आठवण आली. तिला पोस्टकार्ड टाकले, ते पोचेपर्यंत इकडे पेरण्या झाल्या होत्या.

त्या म्हाताऱ्याने मला आपल्या डब्यातला पाव मोडून दिला. मी हातात घेतला, पण क्षणभर खाऊच शकलो नाही. माझ्या हातात झाडू होता, आणि बोटीवरचे माझे ताट वेगळे होते. त्या माणसाने मला नाव विचारले, देश विचारला, मुले किती ते विचारले. चौथा प्रश्न त्याच्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली तेव्हा खलाशांच्या क्लबात गेलो. शहरात जागोजागी फलक लागले होते. क्लबात इंग्रजी बोलणारी एक शिक्षिका मदतीला येत असे. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला फलकांवर काय लिहिले आहे ते विचारले. ती म्हणाली, "गुलामगिरी संपल्याला शंभर वर्षे झाली." 13 मे 1888 रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. अमेरिका खंडात ती सर्वांत शेवटी बंद करणारा देश हाच.

मला एकदम आपले जोतीराव आठवले. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना ती अर्पण केली. त्या वेळी ब्राझीलमध्ये गुलामांचा बाजार कायद्याने चालूच होता. आणि योगायोग पाहा, 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यात लोकांनी जोतीरावांना 'महात्मा' म्हटले आणि बरोबर दोन दिवसांनी ब्राझीलचे गुलाम मुक्त झाले. तेही मांडवीत, म्हणजे आमच्या गोदीच्या दारात!

मी त्या बाईंना म्हणालो, "मग हा मोठा सण असेल." त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. 11 मे रोजी रिओ शहरात काळ्या लोकांनी मोर्चा काढला होता आणि सैन्याने तो अडवला होता. मोर्चेकऱ्यांचे म्हणणे असे की ही मुक्ती कागदावरची आहे. 1888 साली गुलामांना मोकळे केले, पण एक गुंठा जमीन दिली नाही, एक पैसा दिला नाही. मळेवाल्यांनी युरोपातून नवे मजूर आणले, ते याच सांतोस बंदरात उतरले. मोकळे झालेले लोक जिथल्या तिथे राहिले.

कागदाची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. 1831 सालीच ब्राझीलने कायदा केला होता की आफ्रिकेतून आणलेला प्रत्येक माणूस स्वतंत्र समजावा. इंग्लंडचा दाब होता म्हणून केला, पण पाळला नाही. लोक त्याला इंग्रजांना दाखवण्यापुरता कायदा म्हणत. त्यानंतर वीस वर्षांत लाखो माणसे बोटींच्या पोटात कोंबून आणली गेली.

या कागदाला ज्याने जिवंत केले तो माणूस म्हणजे लुईस गामा. 1830 सालचा जन्म. आई काळी पण स्वतंत्र, बाप गोरा. मूल दहा वर्षांचे असताना बापाने स्वतःच ते विकून टाकले. त्या पोराला बोटीने सांतोसला उतरवले आणि तिथून घाट चढवून पायी वर नेले. सतरा वर्षांचा असताना एका विद्यार्थ्याकडून तो अक्षरे शिकला. आपण जन्माने स्वतंत्र आहोत हे त्याने सिद्ध केले. मग कायदा शिकला. कॉलेजची पदवी नाही, पण कोर्टात उभा राहायचा. हत्यार कोणते? तोच 1831 चा कायदा! हा माणूस 1831 नंतर आणला आहे, म्हणजे तो गुलाम नाही, एवढे सिद्ध करायचे. अशा रीतीने त्याने पाचशेहून जास्त माणसे सोडवली. 1882 साली तो गेला, अंतिम कायदा त्याने पाहिला नाही. 2015 साली ब्राझीलच्या वकिलांच्या संघटनेने त्याला मरणोत्तर वकील म्हणून मान्यता दिली.

त्याच सुमारास मळ्यांतून पळालेले गुलाम कायद्याची वाट न बघता घाट उतरू लागले. रात्री चालायचे, दिवसा रानात लपायचे. सांतोसमध्ये डोंगराच्या पायथ्याशी झाबाक्वारा नावाची जागा होती, तिथे त्यांनी वस्ती केली. गुलामगिरी विरोधी लोकांनी त्यांना मदत केली. किंतिनो द लासेर्दा नावाचा पूर्वी गुलाम असलेला माणूस वस्तीचा पुढारी होता. इतके लोक पळाले की मळेवाल्यांना कळून चुकले, आता हे थांबत नाही. सरकारने 1888 साली सही केली ती पाय आधीच चालून गेल्यावर. आज झाबाक्वाराला घरे आहेत, रस्ते आहेत आणि शहराचे मोठे इस्पितळ आहे. मी बसने जाऊन ती जागा पाहून आलो. मागे तो डोंगर उभा होता.

मला आपले महाड दिसले. 1923 साली बोले यांचा ठराव कायदेमंडळात मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पाणी मिळाले का? कागदाने तहान भागत नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांबरोबर आपले बाप-आजे पायी तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव जिवंत झाला. पुढे कोर्टात भांडावे लागले, 1937 साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने आला. आधी पाय चालले, मग न्याय चालला.

घरी आल्यावर आयेने विचारले होते, "तिकडं पन आपल्यासारखी मानसं हायत का रं?" मी म्हणालो, "हायत. आणि त्यांचं पन तळं हाय."

ब्राझीलमधली लढाई पुढे चालू राहिली. 1988 च्या ऑक्टोबरात नवी राज्यघटना आली, त्यात पळालेल्या गुलामांच्या जुन्या वस्त्यांना जमिनीचा हक्क मान्य केला. 2012 साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांतल्या राखीव जागा वैध ठरवल्या आणि त्याच वर्षी तसा कायदाही झाला. आरक्षण फक्त भारतात आहे असे कोणी ऐकवले तर हे सांगा. 20 नोव्हेंबर हा काळ्या जनतेच्या जागृतीचा दिवस 2024 पासून तिथे देशभर सुट्टीचा झाला.

आणि माझे? त्या सफरीत परत येताना मी माझे ताट कपाटाच्या त्या बाजूने काढून इतरांच्या ताटांत ठेवले. कोणीतरी ते पुन्हा बाजूला ठेवले. मी पुन्हा आत ठेवले. आठ-दहा दिवस हे चालले. मग ते आतच राहिले. पुढे अभ्यास करून मी दुसरे पद मिळवले, पण माझी खरी बढती त्या कपाटात झाली.

आता नाक्यावरच्या त्या मुलाला उत्तर. बाळा, बोटीवर जरूर जा. जग बघ. पण एजंटला पैसे देऊन नको. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो 2015 साली मान्य केला आहे. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक, डॉक्टरी दाखला यांचा खर्च आपला, नोकरीचा नाही. भरती करणाऱ्या कंपनीला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागून घे आणि महासंचालनालयाकडे तपासून बघ. आधी मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण पुरे कर. आणि परक्या बंदरात कोणी दिलेले पुडके घरी पोचवायला म्हणूनसुद्धा हातात घेऊ नकोस. तिकडच्या बंदरांतून बोटींत मादक पदार्थ लपवले जातात, आणि सापडले तर तुरुंगात खलाशी जातो.

हा नियमही आज पुष्कळांना कागदावरचाच आहे. एजंटाच्या समोर बसून तू परवाना मागशील, तेव्हा तो जिवंत होईल. एकट्याला धीर होत नसेल तर रविवारी माझ्याकडे ये. आपण दोघे मिळून जाऊ.

जयभीम.