पितळ उघडे पडते तेव्हा

माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच सांगतात. पण छंदालाही सासुरवास असतो, हे कोणी सांगत नाही. माझा छंद प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून युद्धनौका बांधण्याचा, आणि सासू म्हणजे आमचे छंदबंधू.

सध्या जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर जर्मनांची 'बिस्मार्क' बांधतो आहे. खरी २५१ मीटर लांब होती; माझी एकास सातशे प्रमाणातली, म्हणजे छत्तीस सेंटिमीटर. लाटण्याएवढी म्हणा ना! तोफा चढल्या, धुराडे उभे राहिले. छंदबंधू आले, चष्मा कपाळावर सरकवून वाकले आणि म्हणाले, "पितळ कुठाय?"

पितळ म्हणजे फोटो-एच्ड भाग. पातळ पितळी पत्र्यावर फोटोच्या तंत्राने आकृती उमटवतात आणि नको तेवढा धातू रसायनाने खाऊन टाकतात. उरतात ते कठडे, शिड्या, जाळ्या, दारे, दारांच्या कड्या. "एवढं तरी लावाच हो! नाहीतर ते जहाज नाही, खेळणं आहे."

खेळणे म्हटल्यावर कोणाही प्रौढ माणसाला झोंबणारच. मी तीन पत्रे मागवले. जहाजापेक्षा त्यांचेच पैसे जास्त झाले. नाकापेक्षा मोती जड!

पहिलेच दार चिमट्यात धरले आणि ते टुणकन उडाले. मी टेबलाखाली रांगत होतो.

"काय हरवलं?" बायकोने विचारले.

"दार."

ती काही बोलली नाही. केरसुणी तेवढी घेऊन आली.

खरी बिस्मार्क जुलै १९३६ मध्ये बांधायला घेतली आणि ऑगस्ट १९४० मध्ये नौदलात दाखल झाली. माझे हे पाचवे वर्ष, आणि डाव्या बाजूचे कठडे अजून बाकी आहेत!

शेवटी एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या पत्र्याची जाडी एक दशांश मिलिमीटर. गुणिले सातशे. उत्तर आले सात सेंटिमीटर! म्हणजे माझ्या जहाजावरच्या कठड्याचा प्रत्येक गज खलाशाच्या मनगटाहून जाड. खऱ्या जहाजावर तिथे बारीक खांब आणि तारा असतात. ज्या अचूकपणासाठी डोळे फोडले, त्याचेच पितळ असे उघडे पडले.

आता तुम्ही म्हणाल, पितळ वाईटच का? मुळीच नाही. पण पत्रा हा चपटा, एवढे लक्षात ठेवून निवडावे. रडारची जाळी, क्रेनचा हात, शिड्या यांना पितळासारखे दुसरे काही नाही. साच्यातून निघालेली प्लॅस्टिकची शिडी म्हणजे नुसती फळी. उलट तोफेची नळी किंवा डोलकाठी गोल असते. ती पत्र्यातून कापली की तिचा पापड होतो. आणि हातभर अंतरावरून जे दिसत नाही, ते लावूच नये. पत्र्यावर आहे म्हणून सगळे लावायचे, हे लग्नाच्या पंगतीत वाढलेले सगळे संपवण्यासारखे आहे. त्यात चव कळत नाही, फक्त पोट बिघडते.

छंदबंधूंचा अचूकपणा म्हणजे तुकड्यांची मोजदाद. मला ते मान्य नाही. यंदा चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. माळ्यावर सहा खोकी न उघडता पडली आहेत. उरलेली नजर कड्या चिकटवण्यात घालवायची, की ती सहा जहाजे पाण्यात सोडायची? खरी बिस्मार्कसुद्धा दाखल झाल्यापासून नऊ महिन्यांत, २७ मे १९४१ रोजी, तळाला गेली. काळ कोणासाठी थांबत नाही, कठड्यांसाठी तर नाहीच.

परवा मी रडारच्या जाळ्या, दोन क्रेन आणि शिड्या बसवल्या आणि उरलेले पितळ पाकिटात बंद केले. रविवारी छंदबंधू आले. भिंग लावून दहा मिनिटे पाहिले.

"दारांना कड्या नाहीत!"

"आहेत ना," मी म्हटले, "आतून लावल्यात."