वास येणारच!

‘जुन्या गाडीला पेट्रोलचा वास येणारच’ हे वाक्य ज्या गृहस्थाने पहिल्यांदा उच्चारले, त्याला माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून, काचा वर करून, वैशाखातल्या दुपारी ठाण्याहून पनवेलला न्यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. अडचण एवढीच, की हा गृहस्थ एक नाही. मिस्त्री तेच म्हणतो, मेहुणे तेच म्हणतात, सोसायटीचा वॉचमन तेच म्हणतो. अहो, ज्याने उभ्या जन्मात सायकलचे पंक्चर काढले नाही तोसुद्धा माझ्या बॉनेटवर हात ठेवून डॉक्टरी सुरात सांगतो, “फियाट ना? मग वास येणारच!”

गाडी आमची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, 1089 सीसीची, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेली. पण तिला पद्मिनी म्हणतो तो फक्त आरटीओचा कागद. बाकी जगाला ती फियाटच. गेल्या वर्षी तिचे इंजिन खाली उतरवून नव्याने बांधले. बोअर मारला, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या, क्रँक घासून आणला, व्हॉल्व्ह बसवले. बिल पाहून बायको म्हणाली, “एवढ्यात माझ्या बांगड्या झाल्या असत्या.” झाल्या असत्या, ह्यात वाद नाही. पुढचे हजार किलोमीटर नव्या इंजिनाला जपायचे म्हणून मी गाडी अशी हाकली, की पाववाल्याची सायकल मला घंटी वाजवून पुढे जाई. आणि वास? इंजिन बांधण्याआधी जळक्या तेलाचा यायचा. बांधल्यावर पेट्रोलचा यायला लागला. “फरक पडला ना?” मिस्त्री अभिमानाने म्हणाला.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. माझ्या दृष्टीने पेट्रोल म्हणजे मागच्या टाकीत जमा होणारी आणि पुढच्या इंजिनात खर्च होणारी रक्कम. मध्ये एक नळी, एक पंप, एक कार्बोरेटर. ह्या वाटेवर कुठेही माझ्या नाकाला काही देणे लागत नाही. नाकापर्यंत माल पोचला, त्याअर्थी वाटेत कुणीतरी तो सोडतो आहे. ट्रायल बॅलन्स जुळेना, की आळशी कारकून फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात ढकलतो आणि पाच वाजता घरी जातो. ‘जुनी गाडी आहे’ हे आपल्या देशाचे सस्पेन्स खाते आहे. जुनी इमारत आहे, गळणारच. जुनी वायरिंग आहे, झटका बसणारच. गळती कुठे आहे ते शोधायला खाली वाकावे लागते. वाक्य उभ्या उभ्या टाकता येते.

त्यात हल्ली हळव्या मंडळींची भर पडली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या, तेव्हापासून माझ्या गाडीत बसणारा प्रत्येकजण डोळे मिटून खोल श्वास घेतो आणि म्हणतो, “आहाहा! टॅक्सीतलं बालपण आठवलं!” ह्या लोकांना कुणीतरी सांगा हो, की त्या टॅक्स्या शेवटची बरीच वर्षे सीएनजीवर धावत होत्या. आणि बालपण आठवायचेच, तर पेट्रोलची वाफ कशी असते तेही शाळेत शिकवलेले आठवावे. ती हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही. खाली जमिनीलगत, सीटखाली, डिकीत, गॅरेजच्या कोपऱ्यात बसून राहते आणि ठिणगीची वाट पाहते. पेट्रोल शून्याखाली 40 अंशांपर्यंत गारठवले तरी त्याची वाफ पेट घेऊ शकते. आपल्याकडे तर एप्रिलमध्ये शून्यावर 40 असतात.

ही ठिणगी आमच्याकडे साक्षात ताटात घालून आली. इंजिन नवे झाले म्हणून शेजारच्या काकूंनी हौसेने गाडीची पूजा मांडली. नारळ, हळदकुंकू, हार इथपर्यंत माझे काही म्हणणे नव्हते. पण बॉनेट उघडे, वास घमघमतोय, आणि काकू निरांजन घेऊन इंजिनाला ओवाळायला पुढे! मागून मेहुण्यांनी जाळीत खोचायला चार उदबत्त्या पेटवल्या. म्हणे, “वासही जाईल.” वासच काय, वासाबरोबर मेहुणेही गेले असते. मी निरांजन आणि उदबत्त्या फुंकून विझवल्या. फुंकरीने निरांजन विझवणे अशुभ असते, असे काकूंनी मला चारचौघांत सुनावले. भडकलेले इंजिन कोणत्या तिथीला शुभ असते, ते मात्र कुठल्याही पंचांगात मला सापडले नाही.

वास शोधणे अवघडही नाही. तो केव्हा येतो, एवढे आठवडाभर वहीत टिपायचे. टाकी फुल केली की किंवा वळणावर येत असेल तर मागे पाहायचे: झाकणाचे पॅकिंग, टाकीच्या गळ्याची रबरी नळी, काट्याच्या युनिटखालचे गॅसकेट. इंजिनाकडून येत असेल तर कार्बोरेटर. त्यात एक फ्लोट असतो. तो भोक पडून बुडाला किंवा त्याची सुई नीट बसली नाही, तर आपल्याकडच्या गच्चीवरच्या टाकीसारखे पेट्रोल वाहू लागते. धुराड्यातून येत असेल तर चोक अर्धा अडकलेला आहे का बघावे. तापलेले इंजिन बंद केल्यावर कार्बोरेटरमधले पेट्रोल थोडे उडते आणि पाच-दहा मिनिटे वास रेंगाळतो; तेवढा मी सोडून देतो. चिल्लर आम्हीही राइट ऑफ करतो.

आमच्या मिस्त्रीकडे ह्या सगळ्यावर एकच औषध: साबण. गळणाऱ्या जागी कपडे धुण्याची वडी घासायची. उपाय खोटा नाही, साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. घरी पोचेपर्यंत ठीक. पण मिस्त्रीच्या हिशेबी घरी पोचणे म्हणजे पुढची दिवाळी. इंजिनावर बांगड्यांएवढे पैसे ओतले, पण नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने जुनाच ठेवला. “चांगला आहे की अजून!” वर्षानुवर्षे एका जागी कडक झालेली नळी ओढून काढायची आणि परत बसवायची, म्हणजे म्हाताऱ्याला पाठीवर मारून ‘सरळ बसा’ म्हणण्यापैकी आहे. शिवाय आता पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. ही रबरे कापली गेली तेव्हा त्या इथेनॉलचा कुणी विचारच केला नव्हता. ती त्यात फुगतात, मऊ पडतात, चिरतात.

आणि मग तो दिवस उजाडला, ज्या दिवशी मी तेलाची काडी काढून पाहिली आणि इंजिनातले तेल वाढले होते. न घालता! मिस्त्रीला दाखवले. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “काम बघा साहेब! थेंबभर तेल खात नाही, उलट वाढवतंय!”

बँकेत कुणी न भरता एखाद्या खात्याची शिल्लक वाढली, तर आम्ही पेढे वाटत नाही, चौकशी लावतो. मी काडी नाकाशी नेली. पेट्रोल! पंपाचा पडदा फाटला होता आणि पेट्रोल थेट खाली तेलात उतरत होते. तेल पातळ झाले, की त्याच्या भरवशावर फिरणारी नवी बेअरिंगे लोखंडावर लोखंड घासून मरतात. म्हणजे ‘वास येणारच’ म्हणत आणखी दोन महिने काढले असते, तर बांगड्यांचा दुसरा जोडही गेला असता. मधेच ठिणगी पडली असती तर हातही.

नवा पडदा, नव्या नळ्या, नव्या क्लिपा, तेल बदलून. इंजिनाच्या बिलापुढे हा खर्च चहापाण्याचा. वास गेला. परवा मेहुणे गाडीत बसले, दोनदा नाक वर केले आणि खिन्नपणे म्हणाले, “फियाटमध्ये बसल्यासारखं वाटत नाही बुवा.”

मिस्त्रीने काडी पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली. “तेल वाढायचं थांबलं साहेब. म्हणजे इंजिन आता थोडं थोडं खायला लागलं असणार.” मग माझा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाला, “जुनी गाडी आहे, खाणारच!”